दूरच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन विमानतळांमधलं अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत धरतात?

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत बिंदू ठरलेला असतो. त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात आणि तो साधारण धावपट्ट्यांच्या मध्याच्या आसपास असतो. हिशोब या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचा. शहराचा मध्य, टर्मिनलचा दरवाजा, तुमचं घर यांचा त्यात काही संबंध नाही. म्हणूनच शहरा-शहरांमधलं अंतर आणि विमानतळा-विमानतळांमधलं अंतर यात दहा-वीस, कधी पन्नास किलोमीटरचा फरक दिसतो. हजारो किलोमीटरच्या प्रवासात तो सोडून द्यायचा.

हे अंतर पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेचं असतं. त्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जातं म्हणून अंतर खूप वाढत असेल असं अनेकांना वाटतं. वाढतं, पण हजार किलोमीटरमागे जेमतेम पावणेदोन किलोमीटर.

मग नकाशावर विमानाची वाट कमानीसारखी वाकडी का दिसते? सरळ रेघ जवळची नाही का?

वाकडा नकाशा आहे, वाट नव्हे. आपण भिंतीवर आणि मोबाइलवर पाहतो तो नकाशा बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा असतो. १५६९ सालची ही पद्धत जहाज हाकणाऱ्यांच्या सोयीची होती. तिच्यात ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा होतो. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. एवढा ताणलेला कागद अंतराबाबत खरं कसं सांगणार?

पृथ्वीगोल हाताशी असेल तर एक दोरा घ्या. एक टोक सिंगापूरवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो पॅसिफिकवरून आडवा जाणार नाही. घसरत घसरत वर सरकेल आणि उत्तर ध्रुवाच्या जवळून पलीकडे उतरेल. दोरा जिथे तंग बसतो तीच सर्वांत जवळची वाट. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण हा केल्यावर पुन्हा कधी हा प्रश्न पडत नाही.

अंतर मला स्वतः काढता येईल का?

येईल. शाळेतली त्रिकोणमिती आणि साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर एवढंच लागतं. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइननं गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करा आणि त्या बेरजेचा उलटा कोसाइन काढा. जो कोन येईल त्याला १११.१९ नं गुणलं की किलोमीटर मिळतात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर पृष्ठभागावरचा एक अंश एवढा भरतो.

सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांमधला फरक १७७.७७ अंश. सूत्रातून कोन येतो साधारण १३७.९५ अंश, म्हणजे सुमारे १५,३४० किलोमीटर.

इथे एक गंमत आहे. रेखांशांचा फरक जवळजवळ १८० आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या एकमेकांविरुद्ध बाजूंच्या रेखांशांवर आहेत. तेव्हा सूत्र बाजूला ठेवा आणि नुसती बेरीज करा. सिंगापूरहून उत्तर ध्रुव ८८.६४ अंश, तिथून खाली न्यूयॉर्क ४९.३६ अंश. एकूण १३८. १११.१९ नं गुणलं तर १५,३४४. दोऱ्यानं दाखवलं तेच आकड्यांनीही दाखवलं.

एक काळजी घ्या. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश यांना उणे चिन्ह लागतं. ते विसरलं की उत्तर हजारो किलोमीटरनं चुकतं आणि तरीही आकडा पाहून संशय येत नाही.

एकाच जोडीची वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी अंतरं दिसतात. खरं कुठलं?

बहुधा सगळीच. पहिलं कारण म्हणजे पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवाकडे ६,३५७. हा चपटेपणा हिशोबात घेतला तर सिंगापूर–न्यूयॉर्क अंतर १५,३४९ किलोमीटर येतं. गोल धरून आपण काढलेल्या आकड्याहून नऊ-दहा किलोमीटर जास्त. मोजदाद नेमकी हवी असेल तर चपट्या पृथ्वीचा आकडा घ्यावा, प्रवासाच्या अंदाजाला कुठलाही चालतो.

दुसरं कारण एककाचं, आणि घोळ होतो तो इथे. विमानवाहतुकीतला मैल म्हणजे नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटरचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. वरचंच अंतर नॉटिकल मैलांत ८,२८८ आणि साध्या मैलांत ९,५३७ होतं. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं की आधी कुठला मैल ते बघा.

अंतराला विमानाच्या वेगानं भागलं की वेळ मिळतो ना?

जवळपास. लांब पल्ल्याची जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीच्या आसपास उडतात. त्या उंचीवर हवेचं तापमान उणे ५०-५५ अंश असतं आणि तिथे ध्वनीचा वेगच ताशी सुमारे १,०६० किलोमीटरवर आलेला असतो. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरायला हरकत नाही.

पण टेकऑफनंतर वर चढताना आणि शेवटी उतरताना हा वेग नसतो. वाट थोडी लांबते, जमिनीवरही विमान बराच वेळ रांगत असतं. मी वापरतो तो ठोकताळा असा: किलोमीटरला ८५० नं भागा आणि अर्धा तास मिळवा. पर्थ–लंडन १४,५०० किलोमीटर. ८५० नं भागून आले सतरा तास, वर अर्धा, एकूण साडेसतरा. तिथलं वेळापत्रकही त्याच आसपासचं असतं. पाच-सहा हजार किलोमीटरच्या पूर्व-पश्चिम प्रवासात हा ठोकताळा एकेका तासानं चुकू शकतो. का, ते पुढच्या प्रश्नात.

जाताना चौदा तास, येताना सोळा. अंतर तेच, मग असं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचं उत्तर वाऱ्यात आहे.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर दोन्ही गोलार्धांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे ते तयार होतात. हा फरक हिवाळ्यात वाढतो म्हणून हिवाळ्यात त्यांचा जोरही वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही रोजची गोष्ट, कधी तीनशेच्याही वर. विमान हवेत ९०० नंच उडत असतं, पण ती हवाच पळत असते. नदीतल्या नावेसारखं आहे हे. प्रवाहाबरोबर वल्हवणं आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवणं यात हातांचे कष्ट तेवढेच, पण काठ मागे सरकण्याचा वेग निराळा.

समोरच्या सीटच्या पाठीवरच्या पडद्यावर हे डोळ्यांनी दिसतं. पश्चिमेकडे चाललेल्या एका रात्रीच्या उड्डाणात झोप येत नव्हती म्हणून मी तो पडदा बघत बसलो होतो. जमिनीच्या हिशोबातला वेग ८९० होता, तो हळूहळू ७४० वर आला. बाहेर काळोख, इंजिनांचा आवाज तसाच, पाण्याचा पेला जागच्या जागी स्थिर. फक्त ‘उरलेला वेळ’ दहा मिनिटं झाली तरी कमी व्हायला तयार नव्हता.

उलट्या बाजूचं टोक बघायचं तर फेब्रुवारी २०२० मधलं उदाहरण आहे. कियारा नावाच्या वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबात वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी त्यानं ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती मर्यादा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत मोजतात.

पण जाताना गमावलेलं येताना भरून निघतंच की?

नाही, पूर्ण निघत नाही. बारा हजार किलोमीटरचा प्रवास घ्या आणि वारा शंभरचा. पाठीवर वारा असताना वेग १,०००, वेळ १२ तास. तोंडावर असताना वेग ८००, वेळ १५ तास. दोन्ही मिळून २७. वाराच नसता तर दोन्ही वेळा १३ तास २० मिनिटं, एकूण २६ तास ४० मिनिटं. वीस मिनिटं वारा खाऊन गेला. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोट्याचं पारडं नेहमीच जड.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला मुक्काम स्वतःहून जवळ येत नाही का?

नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि उभं असलेलं विमानही. तसं नसतं तर विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटरच्या वाऱ्यात आपण सगळेच उडून गेलो असतो.

विमान ग्रेट सर्कलवरूनच जातं का?

क्वचितच तंतोतंत. कारणं बरीच आहेत आणि प्रत्येक प्रवासात त्यांचं मिश्रण वेगळं असतं.

पहिलं कारण पुन्हा वाराच. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १४०० किलोमीटरनं लांबली आणि वेळ मात्र कमी झाला. १५,३०० किलोमीटर, साडेचौदा तासांच्या आसपास. संपूर्ण वाटभर पाठीवर वारा. ‘जवळची वाट’ आणि ‘लवकरची वाट’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे यापेक्षा चांगलं कुणाला सांगता येणार नाही. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्यांचा अंदाज पाहून वाटा दर दिवशी दोनदा नव्यानं आखतात, युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्या दिवसाच्या वेगळ्या आणि परतीच्या रात्रीच्या वेगळ्या.

दुसरं, बंद हवाई हद्दी. हेलसिंकीहून टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर. फेब्रुवारी २०२२ पर्यंत फिनएअरचं विमान रशियावरून साडेनऊ तासांत पोचायचं. ती हद्द बंद झाल्यावर तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. विमानतळ तिथेच, अंतराचा आकडा तोच, आणि मधे साडेतीन तासांची भर. नुसत्या अंतरावरून वेळ काढणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

तिसरं, दोन इंजिनांच्या विमानांचे नियम. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत एखादा विमानतळ गाठता आला पाहिजे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटं होती, १९८५ मध्ये ती १२० झाली. २०१४ मध्ये एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. आता पृथ्वीचा फार थोडा भाग या नियमाबाहेर उरलाय, पण दक्षिण गोलार्धातले समुद्र ओलांडताना तो अजून आठवावा लागतो.

चौथं, डोंगर. हिमालय आणि तिबेटचं पठार यांवरून लांब पल्ल्याची वाहतूक कमी दिसते. केबिनमधला दाब गेला तर वैमानिकाला विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणायचं असतं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. खाली जमीनच पंधरा हजार फुटांवर असेल तर उतरणार कुठे?

ध्रुवाकडे आणखी एक अडचण. तिथली हवा कधीकधी इतकी गार असते की इंधन गोठण्याची भीती असते. नेहमीच्या जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश आहे. टाकीतलं तापमान त्या दिशेनं सरकू लागलं की वैमानिक विमान थोडं खाली घेतो किंवा वेग वाढवतो.

पृथ्वीवर दोन विमानतळांमध्ये जास्तीत जास्त अंतर किती असू शकतं?

जवळजवळ २०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा अर्धा घेर. माद्रिद आणि वेलिंग्टन ही जोडी त्याच्या फार जवळ जाते, सुमारे १९,८५० किलोमीटर. माद्रिदच्या जमिनीतून आरपार भोक पाडलं तर वेलिंग्टनपासून दीड-दोनशे किलोमीटरवर बाहेर पडाल. अशा जोडीत सर्वांत जवळची वाट म्हणून एक अशी फारशी उरत नाही. कुठल्याही दिशेनं निघा, अंतर थोडंफार सारखंच. तिथे वारा आणि थांब्याची सोय बघायची.

सध्या सर्वांत लांबचं थेट उड्डाण कुठलं?

नियमित वेळापत्रकातलं म्हणाल तर वर आलेलं सिंगापूर–न्यूयॉर्क. वेळ साडेअठरा ते एकोणीस तास. क्वांटासनं २०१९ मध्ये न्यूयॉर्कहून आणि लंडनहून सिडनीपर्यंत न थांबता चाचणीची उड्डाणं केली. दोन्हींना एकोणीस तासांच्या वर वेळ लागला. पण त्यांत मोजकीच माणसं होती, विकलेली तिकिटं नव्हती.

अंतराचा नाही पण वेळेचा विक्रम म्हणाल तर मागे जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ या काळात, पर्थ आणि श्रीलंका यांच्यामध्ये कॅटॅलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं चालायची. एका खेपेला २७ ते ३३ तास. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसायचे. आज तेवढ्याच अंतराला सात तासही पुरतात.

मधे थांबा घेतला तर अंतर किती वाढतं?

वाटतं त्यापेक्षा खूप कमी. लंडन–सिडनी सरळ मोजलं तर सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे लंडन–सिंगापूर १०,८८० आणि सिंगापूर–सिडनी ६,३००, मिळून १७,१८०. फक्त १६० किलोमीटर जास्त! दुबईमार्गे सुमारे १७,५४०. थांब्याचं शहर वाटेच्या जवळ असेल तर अंतराची चिंताच नको.

वेळ मात्र वाढतो. एक जादा उतरणं, एक जादा चढणं, शिवाय दोन्हींच्या मधली प्रतीक्षा. कमीत कमी दोन-अडीच तास धरा.

दोन विमानांच्या मधे किती वेळ ठेवावा?

मोठ्या विमानतळांवर किमान वेळ ठरलेला असतो आणि एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर त्याहून कमी वेळ तुम्हाला दिलाच जात नाही. पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची व्यवस्था कंपनीच्या गळ्यात. वेगवेगळी दोन तिकिटं काढलीत तर मात्र ते ओझं तुमच्या डोक्यावर. एकदा एक तास पन्नास मिनिटं ‘भरपूर’ समजून मी अशी दोन तिकिटं काढली होती. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा, सामान येईपर्यंत आणखी तीस, आणि पुढचा काउंटर डोळ्यांदेखत बंद झाला. तेव्हापासून वेगळ्या तिकिटांत चार तासांखाली मी उतरत नाही. सामान पुन्हा चढवायचं असेल, टर्मिनल बदलायचं असेल, पासपोर्टची रांग असेल तर चारही कमी पडू शकतात.

तिकिटावर पोचायची वेळ निघायच्या वेळेआधीची आहे. छापताना चूक झाली का?

बहुधा नाही. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात आणि मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आली की असं होतं.

जून महिन्यातलं ऑकलंड–लॉस एंजेलिस घ्या. दोन घड्याळांत १९ तासांचा फरक, ऑकलंड पुढे. बुधवारी रात्री ८ ला निघालात, बारा तास उडालात, तर उतरताना लॉस एंजेलिसमध्ये बुधवारचीच दुपार, १ वाजलेला. परतीला उलटं. बुधवारी रात्री ९ ला निघालात आणि तेरा तास उडालात तर ऑकलंडला शुक्रवारची पहाट, ५ वाजता. गुरुवार तुमच्या आयुष्यात आलाच नाही. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस असेल तर आधीच उरकून घ्या.

खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, बदला आणि मग वजाबाकी करा. वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ किंवा ‘+२’ असेल तर ते पोचण्याचे पुढचे दिवस. हॉटेलचं आरक्षण एक दिवस आधीचं होतं ते या बारीक अक्षरामुळेच. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो, हेही ध्यानात असू द्या.

वेळापत्रकात चौदा तास, वैमानिक म्हणतो बारा तास पन्नास मिनिटं. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही बरोबर. वेळापत्रकातला वेळ जागेवरून विमान हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. वैमानिक सांगतो तो फक्त हवेतला. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत पोचायलाच वीस-तीस मिनिटं जातात. त्याशिवाय कंपन्या थोडी फट ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी कागदावर वेळेत पोचल्याची नोंद होते. घ्यायला कुणी येणार असेल तर त्याला वेळापत्रकातलीच वेळ सांगा.

विमानं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा वेगवान का झाली नाहीत?

झाली होती. काँकॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान विमान १९७६ ते २००३ प्रवासी नेत होतं, लंडन–न्यूयॉर्क साडेतीन तासांत. ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्कहून लंडनला ते २ तास ५३ मिनिटांच्या आत पोचलं. पण ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जळतं. त्यामुळे बाकी सगळे ०.८५ च्या आसपासच थांबले.

माझ्या दोन विमानतळांचं अंतर भलतंच येतंय. काय चुकलं असेल?

नावाचा घोटाळा आहे का ते आधी बघा. सिडनी ऑस्ट्रेलियातही आहे आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातही. चुकीच्या सिडनीत जाऊन उतरलेले प्रवासी खरोखर सापडलेले आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टारिकातही. पहिल्याचं अक्षरी नाव एसजेसी, दुसऱ्याचं एसजेओ. एका अक्षराचा फरक, आणि मधे जवळपास पाच हजार किलोमीटर. शहराचं नाव न टाकता विमानतळाची तीन अक्षरं टाका, आणि ती बोर्डिंग पासवर छापलेल्या अक्षरांशी पडताळून घ्या.